आठ महिने वापरलेला पिपेट सेट: अंगठ्याला आराम, पण नॉबवर नजर ठेवा

पिपेट म्हणजे लॅबमध्ये अगदी थोडं लिक्विड मोजून ओढायचं आणि टाकायचं हातातलं साधन. सेटमध्ये अशा तीन आहेत, २ ते २०, २० ते २०० आणि १०० ते १००० मायक्रोलिटर (मिलिलिटरचा हजारावा भाग). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, न जाणो आमच्याच वाट्याला खराब पीस आला असेल, पण आठ महिने रोज वापरतेय त्यामुळे बोलायचा हक्क आहे 😄

आधी चांगलं सांगते. प्लंजर, म्हणजे वरून अंगठ्याने दाबायचा दांडा, एकदम हलका. जुन्या पिपेटने दोन प्लेट (छोट्या खळग्यांच्या, एकेक खळगा म्हणजे वेल) लोड केल्या की अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागायचा की संध्याकाळी बाटलीचं झाकण उघडताना पण कळ यायची, ते बंद झालं. टिप (टोकाला लावायची प्लास्टिकची नळी) उडवायला जोर लावावा लागत नाही, जरा दाबलं की टप्पकन डब्यात. फर्स्ट स्टॉप (इथवर दाबून लिक्विड ओढायचं) आणि सेकंड स्टॉप (तळापर्यंत, उरलेलं बाहेर काढायला) बोटाला वेगवेगळे कळतात, आणि हे मला सगळ्यात आवडलं कारण नवीन आलेली मुलं हमखास थेट तळापर्यंत दाबून लिक्विड ओढतात आणि मग जास्त आलं की पिपेट खराब आहे म्हणतात. या पिपेटवर शिकवणं सोपं जातं.

आता रडगाणं. यात प्लंजरचं डोकं हेच व्हॉल्यूम फिरवायचा नॉब आहे. तसं बऱ्याच पिपेटमध्ये असतं, पण इथे नॉब इतका सैल की दाबता दाबता अंगठ्याखाली फिरतो. लॉक म्हणून एक छोटी पट्टी दिलीये, ती नावालाच. मला हे कळलं कसं, तर क्यूपीसीआरची (डीएनए वाढवत मोजायची चाचणी) ९६ वेलची प्लेट होती, प्रत्येक वेलमध्ये १८ मायक्रोलिटर मास्टर मिक्स (रसायनांचं तयार मिश्रण) आणि २ टेम्प्लेट (तपासायचं सॅम्पल). मिक्स मोजून १०० वेलचं केलं होतं आणि शेवटच्या वेलला पुरेना. मला वाटलं मोजण्यात मीच चुकले, वहीत परत गुणाकार केला, बरोबर. मग सहज पिपेटच्या आकडा दाखवणाऱ्या खिडकीत बघितलं तर १८ च्या जागी १९.८!! म्हणजे पहिल्या ओळीत १८ आणि शेवटच्या ओळीत जवळजवळ २०, मधल्या कुठल्या वेलमध्ये किती गेलं देव जाणे. अख्खी प्लेट टाकली, आणि ज्या सॅम्पलचं आरएनए थोडंच उरलं होतं ते परत मिळणार नव्हतं.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर म्हणे मॅडम अंगठा नॉबच्या मधोमध ठेवा. अहो, ९६ वेळा दाबताना अंगठा मधोमध आहे की नाही ते बघू की वेल चुकत नाहीये ना ते बघू?

त्यानंतर संशयच बसला म्हणून तिन्ही वजनावर तपासल्या. सोपं आहे, १ मायक्रोलिटर पाणी म्हणजे जवळपास १ मिलिग्रॅम. मोठ्या दोन्ही छान निघाल्या. २० वाली २० वर ठीक, पण २ वर सेट करून एकाच ट्यूबमध्ये दहा वेळा टाकलं (एकेकदा टाकून आमच्या बॅलन्सवर २ मिलिग्रॅमचा भरवसा नाही, आणि झाकण लावून वजन करा नाहीतर पाणी उडतं) तर २० मिलिग्रॅमच्या जागी १८.३ भरलं. सरांना दाखवलं तर म्हणाले अगं हे पास आहे. आणि खरंच पास आहे, आयएसओ ८६५५ या आंतरराष्ट्रीय मानकात २० च्या पिपेटला ०.२ मायक्रोलिटर चुकायची मुभा आहे, ती २० वर १ टक्का पण २ वर तीच ०.२ म्हणजे १० टक्के झाली. सर्टिफिकेटवर पास वाचून आपण निवांत, आणि टेम्प्लेट मात्र २ च टाकतोय. तेव्हापासून मी टेम्प्लेट डायल्यूट करून ५ टाकते.

ऑटोक्लेव्हचं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) पण थोडं सांगते. १२१ डिग्रीला २० मिनिटं अख्खी पिपेट चालते असं लिहिलंय आणि चालली पण, फक्त तिसऱ्या खेपेनंतर २० वालीचा प्लंजर वर यायला आळस करायला लागला. उघडून पुसून ग्रीस लावलं, सुटला. १००० वालीतून इथेनॉल ठिबकतं अशी एकाची तक्रार होती, त्यात पिपेटचा दोष नाही, इथेनॉल कुठल्याही पिपेटमधून ठिबकतं, आधी दोन-तीनदा ओढून सोडा म्हणजे आतली हवा वाफेने भरते आणि थांबतं.

५ पैकी ३ स्टार. २०० आणि १००० सुट्या मिळाल्या तर बिनधास्त घ्या, २० वाली दुसरीकडून बघा. आमच्या २० वालीच्या नॉबवर सध्या ऑटोक्लेव्ह टेपचा तुकडा चिकटवलाय, व्हॉल्यूम बदलायचं की टेप काढा, सेट करा, नवी टेप लावा. कालच कोणीतरी टेप काढून परत लावलीच नाही, आणि खिडकीत ७.४ होतं.