पहिली नोकरी : खासगी की सरकारी?

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षाची मुलं भेटली की विचारतात, "ब्रदर, खासगीत जाऊ की सरकारी जाहिरातीची वाट बघू?" मी दोन्ही केलंय. आधी तीन वर्षं खासगी, आता सरकारी वॉर्ड.

शिकायला खासगी बरं, हे आजही सांगतो. व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी), सगळं सहा महिन्यांत हाताखालून गेलं. आयसीयूत माझ्याकडे दोन पेशंट असायचे. इथे सरकारीत रात्री दोन नर्समध्ये चाळीस. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाच्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे. जमिनीवर गादी टाकलेल्या पेशंटला गुडघे टेकून सलाइन लावताना तो रोज आठवतो.

पगारात सरकारी पुढे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांत सरकारी नर्सइतका पगार द्यावा, असं सुचवलं होतं. मला त्याच्या निम्माही मिळत नव्हता.

तरी पगारासाठी मी सोडलं नाही. सोडलं ते ड्युटी चार्टमुळे. रविवारी लागलेला चार्ट सोमवारी बदलायचा. नाईट संपवून हँडओव्हर दिला, बूट बदलतोय, तोच इन्चार्ज सिस्टरांचा फोन: "मॉर्निंगची मुलगी आली नाही, दोनपर्यंत थांब." नाही म्हणायची सोय नव्हती, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बाँडपायी मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाच्या कपाटात. बहिणीच्या साखरपुड्याला पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. तिने माझं ताट झाकून ठेवलं होतं.

आता आठवड्याचा चार्ट भिंतीवर असतो, पेनाने लिहिलेला. बदल हवा तर आपसांत बोलून सिस्टरांची सही घ्यायची. कंबर दुखते, पण गुरुवारी घरी असेन हे आईला सोमवारीच सांगता येतं. आमच्या बॅचमधली एक जण आता इन्शुरन्सचे क्लेम तपासते. तिला पेशंटचा कंटाळा कधीच नव्हता, घरी कधी जायचं हे ठाऊक नसल्याचा होता.

परदेशी जायचं पक्कं असेल, तर दोन वर्षं खासगी आयसीयू करणं कदाचित योग्यच. सरकारीत जागा कंत्राटी असेल, तर पगार वेळेवर होतो का, हे तिथल्या सिस्टरांना आधी विचारा. इंटरव्ह्यू कुठेही असो, वॉर्डातला मागच्या महिन्याचा चार्ट बघायला मागा आणि त्यावर खाडाखोड किती आहे ते पाहा. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, ठेवायला मात्र झेरॉक्सच द्या.