नौपाड्यातली एक जुनी लायब्ररी आणि माझं बंद पडलेलं वाचन

सात महिने मी एकही पुस्तक पूर्ण वाचलं नव्हतं. हे आधी सांगते, कारण त्याशिवाय ही लायब्ररी मला एवढी का आवडली ते कळणार नाही.

मी रोमान्स वाचते. मुख्यतः रोमान्सच वाचते, कॉलेजपासून, आणि महिन्याला पाच-सहा पुस्तकं सहज व्हायची माझी. गेल्या पावसाळ्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दीड महिना ठाणे-नाशिक खेपा चालल्या होत्या, आणि त्याच काळात हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी एक नऊ पुस्तकांची सिरीज सलग संपवली. ती संपली आणि त्यानंतर काही गोडच लागेना. किंडलवर 42 पुस्तकं न वाचलेली, रोज रात्री एक उघडायचं, पहिला चॅप्टर वाचायचा, बंद करायचं आणि मग रील्स बघत एक वाजवायचा. हल्ली सगळं लेबल लावून मिळतं ना, स्लो बर्न (हळूहळू जुळणारं प्रेम), फेक डेटिंग (जोडी असल्याचं नाटक), एनिमीज टू लव्हर्स (आधी भांडण, मग प्रेम), त्यामुळे पुस्तक उघडायच्या आधीच ते अर्धं वाचून झाल्यासारखं वाटतं. मैत्रिणींनी सांगितलं थ्रिलर वाच, थोडा चेंज मिळेल, तेही करून बघितलं. खून कुणी केला याच्याशी मला खरंच काही देणंघेणं नव्हतं.

मग आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींनी ही लायब्ररी सांगितली. ठाण्याच्या नौपाड्यात, राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत, पहिला मजला, लाकडी जिना, खाली बोर्ड आहे पण त्यावरची अक्षरं उडालीत. नाव लिहीत नाहीये कारण लायब्ररी चालवणाऱ्या काकूंनीच नको म्हणून सांगितलं, त्या एकट्या सगळं बघतात आणि उगाच फोन यायला लागले की त्यांना त्रास होतो. नौपाड्यात जुन्या कुणालाही विचारा, सांगतील. (ठाण्यात 1893 पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, संदर्भाची पुस्तकं वगैरे हवी असतील तर तिकडे जा. ही जागा वेगळी आहे, ही निव्वळ गोष्टी वाचणाऱ्यांची आहे.)

जागा म्हणाल तर दोन खोल्या. पुढच्या खोलीत काकूंचं टेबल, एक पंखा, मासिकं आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. आतल्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी रॅक, आणि त्यात ब्राऊन पेपर घालून वर प्लास्टिक चढवलेली पुस्तकं, त्यामुळे कव्हर दिसतच नाही, पाठीवर फक्त नंबर. रोमान्सचा नंबर आर पासून सुरू होतो. पहिल्या दिवशी मला हे फार विचित्र वाटलं, कव्हर नाही, मागचा मजकूर नाही, रेटिंग नाही, निवडायचं कसं? पण आता वाटतं की माझ्यासारखीला नेमकं हेच हवं होतं, निवड करण्यातच माझा सगळा जीव जात होता.

निवड काकू करतात. त्यांनी मला तुला काय आवडतं असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "शेवटचं जागून वाचलेलं पुस्तक कुठलं?" मी सांगितलं. "त्यातलं काय आठवतंय?" मी म्हटलं तो तिचा डबा भरून देतो तो सीन. काकू उठल्या, आत गेल्या आणि एक बारकंसं पुस्तक आणून टेबलावर ठेवलं, जुनं मिल्स अँड बून (या इंग्रजी कंपनीच्या छोट्या रोमान्स कादंबऱ्यांना त्याच नावाने ओळखतात), 187 पानांचं, डॉक्टर आणि नर्सची गोष्ट. मी म्हटलं काकू दोन पुस्तकांची फी भरलीये, अजून एक द्या ना. तर म्हणाल्या, "अगं आधी हे तर वाच. दोन नेलीस तर एकही व्हायचं नाही, मला माहितीये." आणि खरंच दिलं नाही दुसरं!

आता मिल्स अँड बून म्हटलं की नाक मुरडणारे खूप आहेत, पण वाचन बंद पडलेल्या माणसासाठी त्याच्याइतकं सोयीचं पुस्तक नाही असं माझं ठाम मत झालंय. पन्नासेक हजार शब्द, दोनेकशे पानांच्या आत कारभार आटोपतो, दोनच माणसं आणि त्यांच्यातली एकच अडचण. शेवट गोड होणार याची खात्री, म्हणजे आपण दमलेले असतो तेव्हा जीवाला घोर नाही. लंडनमध्ये 1908 साली ही कंपनी निघाली तेव्हा ती सगळ्याच प्रकारची पुस्तकं काढायची, 1930 च्या दशकात तिने रोमान्सवर भर दिला आणि तेव्हा तिचं मोठं गिऱ्हाईक कोण होतं, तर तिकडच्या दोन-दोन पेनी भाडं घेणाऱ्या लायब्रऱ्या! म्हणजे ही पुस्तकं मुळातच न्यायची, वाचायची आणि परत करायची म्हणून वाढली. मला हे कळल्यावर फार बरं वाटलं. ती विकत घेऊन शेल्फवर ठेवली की मरतात आणि पंधरा दिवसांनी परत करायची आहेत म्हटलं की वाचली जातात, निदान माझं तरी असं झालं.

तर ते 187 पानांचं. पहिल्या दिवशी वीस पानं. दुसऱ्या दिवशी तुर्भ्याला जाताना लोकलमध्ये तीस. चौथ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर बसले आणि पान 180 पर्यंत आले, तो तिला सोडून दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात निघून गेलाय, तिने नोकरीचा राजीनामा लिहिलाय, कुणीतरी दार वाजवतं, मी पान उलटलं तर पुढे पुठ्ठा. शेवटची सात पानं नाहीतच. शिवण सुटून गळून गेलेली.

मला इतका राग आला की काय सांगू. रात्री साडेअकराला मी नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, अगं भेटतातच ना शेवटी? हो रे बाबा, भेटतात, पण दारात कोण आहे? काय बोलतो तो? आधी माफी मागतो की आधी नुसता उभा राहतो? रोमान्स न वाचणाऱ्यांना हे पटत नाही, त्यांना वाटतं शेवट माहीतच आहे तर वाचायचं कशाला. पण आम्ही त्यासाठीच वाचतो. तो कबूल कसा करतो, त्या एका पानासाठी आधीची 180 पानं असतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून थेट लायब्ररीत गेले आणि काकूंच्या पुढ्यात पुस्तक ठेवलं. त्यांनी नुसता नंबर बघितला आणि म्हणाल्या, "अरे देवा, याचीपण गेली का पानं? बस, सांगते." आणि त्यांनी मला तो शेवट सांगितला, तोंडी, चांगली दहा मिनिटं. दारात घरमालकीण असते, ती निरोप देते, मग ही पावसात स्टेशनवर जाते, गाडी सुटलेली असते, आणि बाकावर तो बसलेला असतो कारण त्याने गाडी सोडलेली असते. तिथे पुस्तक बदलायला आलेल्या दोघीजणी थांबून ऐकत होत्या, एक म्हणाली हे वाचलंय मी, दुसरी म्हणाली मला द्या मग हे पुढच्या वेळी, आता ऐकलंच आहे तर वाचते. मी परत निघाले ते दोन पुस्तकं घेऊन. या वेळी काकूंनी दोन दिली.

पुढची गंमत अशी की दोन महिन्यांनी काकूंना रद्दीत त्याच पुस्तकाची दुसरी कॉपी मिळाली आणि त्यांनी मला मुद्दाम फोन करून बोलावलं. मी तिथेच उभ्याने शेवटची पानं वाचली. पाऊस नाही, स्टेशन नाही, गाडी नाही. तो सरळ दारातच उभा असतो, आणि तोच आधी बोलतो! काकूंनी दोन-तीन पुस्तकांचे शेवट एकत्र करून सांगितले होते. मी त्यांना दाखवलं तर त्या बराच वेळ पान बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग ते स्टेशन कुठलं गं?" ते अजून सापडलेलं नाही. मला काकूंचा शेवट जास्त आवडतो, आणि ते स्टेशनवालं पुस्तक शोधायच्या नादात आर रॅकमधली एकोणीस पुस्तकं झालीत माझी.

आणि त्या खुणा! ज्यांनी अशा लायब्ररीतून पुस्तकं आणलीत त्यांना माहीत असेल, नंबरांवरून लक्षात राहत नाही हे वाचलंय की नाही, म्हणून प्रत्येक वाचणारी आपली एक खूण करून ठेवते. इथे नियम आहे, पान 50, खालचा कोपरा, फक्त पेन्सिल. आर-318 च्या पान 50 वर अकरा खुणा आहेत, मी मोजल्या. एक तुळशीचं पान, एक स्वस्तिक, कुणाचं तरी लपेटीदार ‘व’, एक फुली, एक छोटी मांजर आणि एक ‘2/91’. ती मांजर मला सारखी भेटते. ज्या पुस्तकावर मांजर असते ते मला आवडतंच असं आता जवळजवळ ठरून गेलंय, म्हणून मी कधीकधी आधी पान 50 उघडून बघते आणि मग घेते. कोण आहे ते काकूंनाही माहीत नाही, फार वर्षांपूर्वीची मेंबर असणार म्हणाल्या. माझी खूण अर्धचंद्र आहे.

मराठीचा रॅक वेगळा आहे आणि तो बघायलाच पाहिजे. ना. सी. फडके आहेत, पण मला तिथे खरे सापडले ते जुने कादंबरीकार चंद्रकांत काकोडकर. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून 1969 चा राजेश खन्ना-मुमताजचा ‘दो रास्ते’ निघाला हे मला काकूंनी सांगितलं, मी तो सिनेमा चार वेळा बघितलाय आणि मुळात मराठी कादंबरी आहे हे मला माहीतच नव्हतं. इंग्रजी रोमान्स वाचून वाचून जीभ बधिर झाली असेल तर हे करून बघाच. मराठीत नायक जेव्हा ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतो ना, त्या एका ‘तू’ने जे होतं ते इंग्रजीत होऊच शकत नाही, तिथे पहिल्या पानापासून सगळे यूच.

सगळंच छान आहे असं नाही. जुन्या पुस्तकांमधले काही नायक आज सहन होत नाहीत, दंड धरून ओढणारे, तिचं ऐकून न घेणारे, आणि ते प्रेम म्हणून खपवलेलं. मी दोन पुस्तकं अर्ध्यात परत केली आणि का ते स्पष्ट सांगितलं, काकूंनी वाद घातला नाही, माझ्या कार्डावर काहीतरी लिहून ठेवलं, त्यानंतर तसलं मला मिळालं नाही. मराठीतल्या बऱ्याच नायिका फार सोसतात, तेही लागोपाठ वाचवत नाही. नवीन पुस्तकं अगदी कमी, गेल्या चार-पाच वर्षांतलं काही हवं असेल तर इथे येऊ नका. पावसाळ्यात आतल्या खोलीत ओल येते, ज्यांना दम्याचा वगैरे त्रास आहे त्यांनी बाहेरच बसून काकूंकडून पुस्तक मागवावं. कॅटलॉग नाही, कॉम्प्युटर नाही, काकू आजारी पडल्या की लायब्ररी बंद, गेल्या महिन्यात नऊ दिवस बंद होती.

डिपॉझिट 500, ते परत मिळतं. दोन पुस्तकांचे महिन्याला 200, पंधरा दिवस ठेवता येतात, उशीर झाला तर दिवसाला दोन रुपये. दिवाळी अंकांची योजना वेगळी असते, तिचे पैसे वेगळे. सोमवारी बंद. सकाळी साडेनऊ ते साडेबारा, संध्याकाळी पाच ते साडेआठ, पण साडेसातनंतर गेलात तर काकू हिशेबात असतात आणि बोलायला वेळ नसतो, आणि त्यांच्याशी न बोलता पुस्तक नेण्यात काही अर्थ नाही. सुट्टे पैसे न्या. आणि पुस्तक हातात आलं की शेवटची पानं आहेत का ते टेबलावरच बघून घ्या, म्हणजे फक्त आहेत का एवढंच बघा, वाचू नका.