पेरॉक्साइड घेताय? ३५ की ५०, टेक्निकल की फूड ग्रेड

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नवं युनिट टाकणारा पहिला फोन करतो तो किलोचा रेट विचारायला. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाबतीत गल्लत होते ती इथेच. कॅनमध्ये निम्मं किंवा त्याहून जास्त पाणीच असतं, आणि पाण्याचे पैसे कुणी मोजत नाही. समजा, ३५ टक्क्यांचा माल २८ रुपये आणि ५० टक्क्यांचा ३६. २८ ला ०.३५ ने भागा, ३६ ला ०.५० ने. निव्वळ पेरॉक्साइड पहिल्यात ८० रुपये किलो पडलं, दुसऱ्यात ७२. वर टेम्पोचं भाडं वाचलं ते वेगळंच.

म्हणून ५० च घ्यावं? कापडाचं ब्लीचिंग रोजचं असेल, डोझिंग पंप (मोजून माल सोडणारा) असेल, तर बिनधास्त घ्या. १०० किलोत ४३ किलो पाणी घातलं की ३५ टक्के तयार. पाणी मात्र डीएमच, म्हणजे क्षार काढलेलंच हवं. सुरुवातीला मी एकदा बोअरचं पाणी घालून वर साधं झाकण आवळलं होतं. संध्याकाळपर्यंत कॅन ढोलासारखा फुगला! लोह, तांबं, गंज यांच्या नुसत्या अंशानेही पेरॉक्साइड फुटायला लागतं, आणि ३५ टक्के माल लिटरमागे सुमारे १३० लिटर ऑक्सिजन सोडतो. झाकणाला व्हेंट, म्हणजे वायू बाहेर पडायची वाट, असतो तो त्यासाठीच. हाच गंज ब्लीचिंगच्या टाकीत उतरला तर कापडाला बारीक भोकं पडतात, आणि मग खापर फुटतं ते माल देणाऱ्यावर.

मगाने ओतून काम चालणार असेल तर ३५ च बरं. जपायचं त्यालाही, पण ५० चा थेंब बोटावर पडला की कातडी पांढरी होऊन झोंबते, आणि चिंध्यांवर सांडून वाळला तर आग लागू शकते.

फूड ग्रेडचा मोह टाळा. ब्लीचिंगला आणि ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करायला) टेक्निकल पुरतो. दांडिया बाजारातले एक ओळखीचे गृहस्थ फळांचा रस कागदी खोक्यांत भरायचं बघताहेत. तिथे मात्र तडजोड नको, कारण खोक्याचा कागद सहसा ३५ टक्के पेरॉक्साइडनेच निर्जंतुक करतात आणि टेक्निकल मालातलं स्टॅबिलायझर (पेरॉक्साइड फुटू नये म्हणून घातलेलं) मागे थर सोडतं. त्यांना म्हटलं, काका, रेट नंतर विचारा, आधी सर्टिफिकेटवर वाळल्यावर उरणाऱ्या अवशेषाचा आकडा बघा.