फोर-जी राउटरवर डीएनएस बदलून वापरताना: गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

राजापूरजवळच्या आमच्या गावात फायबर अजून पोचलेलं नाही. घरातलं सगळं इंटरनेट सिमवाल्या फोर-जी राउटरवर चालतं. वीज गेली किंवा टॉवर डगमगला की मोडेम पुन्हा जोडला जातो आणि खरा त्रास तिथून सुरू व्हायचा. रेंजच्या काड्या पूर्ण, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतायत, पण बँकेची साइट नुसती फिरत राहायची.

अशा वेळी आधी लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करून, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते बघा. माझ्याकडे त्याचं उत्तर लगेच यायचं आणि साइटचं नाव टाकलं की 'होस्ट सापडत नाही'. म्हणजे लाइन ठणठणीत आहे, नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, म्हणजेच डीएनएस, तेवढा गप्प बसलाय. मोडेम जोडला जाताना सिमची कंपनी आयपी पत्त्याबरोबरच आपल्या डीएनएस सर्व्हरचे पत्तेही देते. राउटर 'ऑटो'वर असेल तर तो तेच मुकाट्याने वापरतो.

डीएनएस भरायची जागा माझ्या राउटरवर दोन ठिकाणी आहे. एक मोबाईल नेटवर्कच्या पानावर, एपीएन प्रोफाइलच्या (सिमच्या नेटवर्कशी जोडायच्या सेटिंगच्या) खाली. दुसरी लॅनमधल्या (घरातल्या नेटवर्कच्या) डीएचसीपीच्या पानावर, जिथून राउटर उपकरणांना पत्ते वाटतो. पहिल्या जागी भरलं तर घरातली उपकरणं १९२.१६८.१.१ म्हणजे राउटरलाच विचारतात आणि राउटर पुढे विचारतो. दुसऱ्या जागी भरलं तर प्रत्येक फोन परस्पर बाहेर विचारतो. मला पहिलीच पद्धत पटली. एकाने उघडलेल्या साइटचा पत्ता राउटर काही वेळ लक्षात ठेवतो, मग दुसऱ्यासाठी नव्याने शोधावा लागत नाही.

आई-बाबांच्या फोनवर फसव्या लिंका फार येतात म्हणून मी क्वाड९ ही डीएनएस सेवा ठेवलीय. ही सेवा २०१७ साली सुरू झाली आणि धोकादायक म्हणून माहीत असलेल्या साइटचा पत्ताच ती देत नाही. प्रायमरीत ९.९.९.९ आणि सेकंडरीत त्यांचाच १४९.११२.११२.११२ टाका. सेकंडरीत गूगलचा डीएनएस ८.८.८.८ टाकायचा मोह आवरा, कारण पहिला बंद पडेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही असं सगळे राउटर पाळत नाहीत. फसवी लिंक मग त्या दुसऱ्या वाटेने बिनबोभाट उघडते.

एवढं करूनही लॅपटॉपवर एनएसलुकअप (कोणता डीएनएस उत्तर देतोय ते दाखवणारी कमांड) चालवलं तर 'सर्व्हर'च्या ओळीखाली १९२.१६८.१.१ नव्हतंच. तिथे अक्षरं आणि आकडे मिसळलेला लांबलचक आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा) पत्ता होता, तोही सिमच्या कंपनीच्या सर्व्हरचा! राउटर आयपीव्ही६चा डीएनएस घरभर वेगळा जाहीर करत होता आणि विंडोज आधी त्यालाच विचारत होतं. आयपीव्ही४च्या (जुन्या, चार आकड्यांच्या पत्त्यांच्या) चौकटीत भरलेलं सगळं तिथे बिनकामाचं. आयपीव्ही६चं पान वेगळं आहे. तिथेही क्वाड९चे पत्ते भरले तेव्हा कुठे काम झालं. काही जण आयपीव्ही६ सरळ बंद करायला सांगतात. मला तो सल्ला पसंत नाही. जिओसारख्या नेटवर्कचा बराच कारभार आयपीव्ही६वरच चालतो, तो बंद करून नवी दुखणी कशाला ओढवून घ्यायची?

वेगाचं म्हणाल तर व्हिडिओ तसूभरही जलद झालेले नाहीत. फरक पडलाय तो मोडेम पुन्हा जोडल्यानंतरच्या काही मिनिटांत. आता पानं लगेच उघडतात, आणि मला तेवढंच हवं होतं. गुप्ततेसाठी मात्र हे पुरेसं नाही. साधा डीएनएस पोर्ट ५३वरून उघडाच जातो, कंपनीला तो वाचता येतो. अँड्रॉइड ९पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, तो पोर्ट ८५३वरून कुलूपबंद जातो. तिथे क्वाड९चं नाव टाकलं की तो फोन घराबाहेर मोबाईल डेटावरही सांभाळला जातो. आईच्या फोनवर मी हेच करून ठेवलंय.

दोन गोष्टींची अजूनही कटकट आहे. पॅक संपलं की कंपनीचं रिचार्जचं पान या सेटिंगवर उघडत नाही, त्यामुळे रिचार्ज दुसऱ्या सिमच्या फोनवरून करतो. आणि राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं की एपीएन प्रोफाइल परत 'ऑटो'वर जातं. म्हणून अपडेटनंतर एनएसलुकअप चालवून 'सर्व्हर'ची ओळ बघितल्याशिवाय मी राउटरच्या पानातून बाहेर पडत नाही.