माहेरचे बाळंतपण आणि सरकारी प्रसूतिगृह

माझ्या मुलीचे पहिले बाळंतपण पुण्यात, माहेरी झाले आणि त्यासाठी आम्ही खासगी रुग्णालयाऐवजी शहरातील एक सरकारी प्रसूतिगृह निवडले. तेथील सिस्टरांविषयी मनात कृतज्ञता आहे, तरीही जे कमी पडले तेही लिहीत आहे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि आहार मोफत आहे, आणि आमच्याकडे खरोखरच कोणी एक रुपयाही मागितला नाही. बाळ जन्मताच सिस्टरांनी ते पुसून आईच्या छातीवर ठेवले, पहिल्या तासातच अंगावर पाजायला लावले, आणि बीसीजी, पोलिओ व हिपॅटायटिस बीच्या लशींच्या तारखा कार्डावर नीट लिहिल्या. माझ्या नणंदेने आणलेली मधाची बाटली त्यांनी दारातच अडवली. “सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही.”

जे नियमात लिहून दिलेले आहे ते येथे चोख होते. ज्याची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये होत नाही, त्यासाठी मात्र माणसे पुरत नाहीत. दुसऱ्या रात्री बाळ दूध ओढेना, मुलगी रडकुंडीला आली, आणि प्रसूतिकक्ष व वॉर्ड दोन्ही एकाच सिस्टरकडे होते. पहाटे त्या आल्या, बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकवले आणि स्तनाग्राबरोबर भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात कसा गेला पाहिजे, हे हात धरून दाखवले. या दहा मिनिटांसाठी चार तास वाट पाहावी लागली. दोष त्यांचा नाही. रात्रपाळीला दुसरी सिस्टर नेमणे त्यांच्या हाती नाही.

घरी आल्यावरची अडचण मला अधिक गंभीर वाटते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला पाहायला आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यावे, वजन, ताप, नाळ तपासावी, अशी योजना आहे. मुलीची नोंद मात्र जुन्नरला, सासरच्या पत्त्यावर होती, त्यामुळे आमच्या वस्तीतील आशाताईंच्या यादीत तिचे नावच नव्हते. पहिलटकरीण माहेरी येते हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असताना, नोंद तिच्या मागोमाग का येऊ नये? पंधराव्या दिवशी मी स्वतः जाऊन नाव लिहवले, तेव्हा त्या दुसऱ्याच दिवशी वजनकाटा घेऊन आल्या.

येथे प्रसूतीसाठी जाणाऱ्यांनी डिस्चार्ज घेतानाच माहेरचा पत्ता कार्डावर लिहून घ्यावा आणि त्या भागातील आशाताई कोण, हे विचारून ठेवावे. आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते.