मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधले माइलस्टोन: वापरून आलेला अनुभव

बरीच वर्षं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टचं (कामांचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) डेस्कटॉप व्हर्जन वापरतोय, आज फक्त माइलस्टोनबद्दल, म्हणजे प्लॅनमधल्या महत्त्वाच्या टप्प्यांच्या खुणांबद्दल लिहितो, कारण मला त्यातलं सगळ्यात कामाचं फीचर हेच वाटतं आणि सगळ्यात जास्त चुका पण इथेच होतात.

टाकायला एकदम सोपं आहे, टास्कचं ड्युरेशन 0 केलं की गॅन्ट चार्टवर (कामं तारखांप्रमाणे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) पट्टीच्या जागी डायमंड येतो, झालं. खरी गडबड होते तारखेत. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये मंजुरीच्या माइलस्टोनला आम्ही 'मस्ट फिनिश ऑन' लावून तारीख पक्की करून टाकली, पुढे टेस्टिंग दोन आठवडे लांबलं तरी डायमंड जागचा हलला नाही आणि मीटिंगमध्ये चार्ट बघून सगळे निर्धास्त. टोटल स्लॅक (ठरलेली तारीख न चुकवता काम किती लांबू शकतं तो वेळ) तेव्हा निगेटिव्ह झाला होता, पण तो कॉलम नेहमीच्या टेबलमध्ये नसतो, मुद्दाम लावावा लागतो, आणि आम्ही लावलाच नव्हता. कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं, फार वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून माइलस्टोन फक्त आधीच्या टास्कला लिंक करतो, तारीख टाइप करतच नाही (नुसती टाइप केली तरी कन्स्ट्रेंट, म्हणजे तारखेचं बंधन लागतं, शेजारी छोटं कॅलेंडर दिसलं की समजायचं) आणि कबूल केलेली तारीख 'डेडलाइन' या वेगळ्या फील्डमध्ये टाकतो. चार्टवर तिचा हिरवा बाण दिसतो, काम घसरलं की डायमंड बाणाच्या पुढे सरकतो आणि इंडिकेटरच्या कॉलममध्ये लाल उद्गारचिन्ह येतं. म्हणजे उशीर होणार हे होण्याआधीच समोर दिसतं, याच्यासाठी तर माइलस्टोन लावायचा ना!

नावाचं पण बघा, 'टेस्टिंग' नको, 'टेस्ट रिपोर्टवर सही झाली' असं लिहा, झालं की नाही यावर वादच राहत नाही. आणि दर दोन दिवसांना एक माइलस्टोन असं करू नका, मग कुठल्याच डायमंडकडे कोणी बघत नाही.

बेसलाइन, म्हणजे नंतर तुलना करायला जपून ठेवलेल्या प्लॅनच्या प्रती, 11 पर्यंत सेव्ह करता येतात, पण पहिली तरी काम सुरू व्हायच्या आधी नक्की करा, नाहीतर माइलस्टोन मूळ तारखेपासून किती सरकला ते नंतर सांगताच येत नाही. तयार माइलस्टोन रिपोर्ट पण चांगला आहे, उशिरा झालेले, पुढे येणारे, पूर्ण झालेले सगळे एका पानावर मिळतात, मी वरिष्ठांना तेवढाच पाठवतो.

5 पैकी 4. एक कापला कारण डेस्कटॉप व्हर्जन फक्त विंडोजवर चालतं आणि आमच्या टीममधले मॅकवाले प्लॅन पीडीएफमध्येच बघतात.