मोसंबीच्या बागेतला पाच एचपीचा सौर पंप: यंत्र पास, आता सरकारने पास व्हावं

आधी यंत्राबद्दल सांगते, कारण विचारणारे सगळे तेच विचारतात. पाच एचपीचा सबमर्सिबल, वर 4.8 किलोवॅटच्या प्लेटा, साठ फुटांची विहीर आणि सगळी बाग ठिबकवर. जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यात आमची चार एकरांची मोसंबी आहे. पंप चांगला आहे, घ्यावा.

सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी सुरू होतं, पण बारीक. त्या दाबावर ठिबकचे सगळे व्हॉल्व्ह उघडले तर शेवटच्या झाडांना थेंब पोचत नाही. म्हणून दहापर्यंत मी विहिरीजवळचा एकच व्हॉल्व्ह चालवते. अकरा ते तीन पंप असा जोरात ओढतो की दोन व्हॉल्व्ह एकदम भागतात. चारनंतर पुन्हा जोर उतरतो. हे गणित एकदा बसलं की बागेचं पाणी सुरळीत होतं. आभाळ आलं की पंप अडखळतो, पण आभाळाच्या दिवसांत झाडांचीही मागणी कमीच असते.

प्लेटा उन्हं यायच्या आत पुसाव्यात, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. दुसरं म्हणजे सावली. प्लेटा एका माळेत जोडलेल्या असतात, एकीवर सावली पडली की सगळ्या माळेचा जोर जातो. आमच्या बांधावरच्या बाभळीची एक फांदी दुपारनंतर कोपऱ्यातल्या प्लेटेवर यायची. ती छाटली आणि संध्याकाळकडचं पाणी वाढलेलं डोळ्यांनी दिसलं. बसवायला येणाऱ्या पोरांना घाई असते, जागा आपणच दिवसभर उन्हात उभं राहून ठरवावी. विहीर तळाला गेली की कंट्रोलर, म्हणजे प्लेटांची वीज पंपाला देणारा डबा, पंप आपोआप बंद करतो, त्यामुळे मोटार जळायची धास्ती नाही.

शेजारी चुलत दिरांचं शेत आहे, त्यांच्याकडे तारेवरची लाईट. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, पाळीप्रमाणे. रात्रीची पाळी असली की भाऊजी बॅटरी आणि काठी घेऊन निघतात आणि ते परत येईपर्यंत जाऊबाईंचा डोळा लागत नाही. साप, विंचू, रानडुक्कर, ओल्या जमिनीत पडलेली वायर, सगळ्याचीच भीती. आमच्याकडे तर तेवढीही लाईट नव्हती. जोडणीचं कोटेशन भरून बसलो होतो आणि तोवर डिझेलचं इंजिन ओढत होतो. आता बागेला पाणी मी एकटी देते, भर दिवसा. सातबारा माझ्या नावावर होताच, पाण्याचं वेळापत्रकही माझ्या हातात आलं. या पंपाचे सगळ्यात जास्त गुण मी याला देईन.

पण हे तंत्र काही काल-परवा निघालेलं नाही. राज्यात अटल सौर कृषी पंप योजना 2015 मध्ये आली, मुख्यमंत्र्यांच्या नावाची 2018 मध्ये, केंद्राची कुसुम 2019 मध्ये. प्लेटा तेव्हाही होत्या, मराठवाड्यातलं ऊन तर काय, बारा महिन्यांचं. तरी गावात पंप दिसायचे ते एखाद-दुसऱ्याच शेतात. 2024 मध्ये सरकारने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ असं ठरवलं. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. तेव्हा कुठे आमच्या शिवारात ओळीने प्लेटा उभ्या राहिल्या. पूर्ण किमतीत हा पंप आमच्यासारख्याला घेणं शक्यच नव्हतं.

करांचंही तसंच. सौर साहित्यावर जीएसटी पाच टक्के होता, 2021 मध्ये तो बारा केला, 2025 च्या सप्टेंबरात पुन्हा पाचवर आणला. प्लेट तीच, काच तीच. जीएसटी परिषदेच्या एका बैठकीत ती महाग होते आणि दुसऱ्या बैठकीत स्वस्त. म्हणून कुणी म्हणालं की चांगलं तंत्र आपोआप सगळीकडे पोचतं, तर मला पटत नाही.

आता सेवेबद्दल. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे आहे, विमाही आहे. कागदावर हे उत्तमच. आमचा कंट्रोलर ऐन एप्रिलमध्ये बंद पडला. आंबे बहाराची, म्हणजे थंडी सरताना फुलणाऱ्या मोसंबीची, फळं लिंबाएवढी झाली होती, त्या दिवसांत पाणी तुटलं की फळगळ सुरू होते. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, माणूस मात्र येईना. तालुक्याला सर्व्हिस सेंटर नाही, एकच तंत्रज्ञ दोन-तीन तालुके फिरतो. शेवटी पंप बसवलेल्या आम्ही सगळ्यांनी मिळून पाठपुरावा केला तेव्हा नवा कंट्रोलर आला. तोवर पुन्हा इंजिन, पुन्हा डिझेल, आणि खाली पडलेली फळं मी पाटीत भरून बांधावर टाकत होते. पंप किती बसवले याचा आकडा प्रत्येक भाषणात येतो. बसवलेल्यांपैकी आज किती चालू आहेत आणि तक्रार किती दिवसांत मिटली, हाही आकडा तालुकावार गावात लावायला हवा. तो लावायला कुठलंही नवं यंत्र लागत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. आंबे बहारासाठी आम्ही थंडीत बागेला ताण देतो, दीड-दोन महिने पाणी बंद. त्या काळात प्लेटा नुसत्या ऊन खात उभ्या. त्याच विजेवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवता येईल असा कंट्रोलर मिळतो, कुसुम योजनेत त्याची तरतूदही आहे, पण आमच्याकडे बसवला तो फक्त पंपापुरता. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावाने 2016 मध्ये याच्याही पुढे मजल मारली. शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांत सोडून, विकली. तिथल्या सरकारने पुढे 2018 मध्ये सूर्यशक्ती किसान योजना आणली. सहकार आपल्याला काही नवा नाही, साखर कारखाने आणि दूध संघ आपणच उभे केले. इथे अडलंय ते वीज विकत घ्यायच्या निर्णयावर.

या विक्रीत पाण्याचंही भलं आहे. ऊन फुकट, बिल नाही, म्हणून पंप दिवसभर चालू ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो. आमच्या शिवारात आत्ताच बोअर खोल चालले आहेत. 2012 च्या दुष्काळात या भागातल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या, ते पाहिलेली माणसं अजून आहेत. उरलेल्या विजेचे दोन पैसे मिळाले तर माणूस पाणी उपसायच्या आधी विचार करेल.

घेणाऱ्यांसाठी एवढंच. विहिरीची किंवा बोअरची नोंद सातबाऱ्यावर आहे का ते आधी बघा, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. कंपनी निवडताना जवळच्या गावात तिचा पंप चालवणाऱ्याला गाठून विचारा, माहितीपत्रकावर जाऊ नका. प्लेटांवरच्या वॅटच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा, आणि भर दुपारी पाणी पडताना पाहिल्याशिवाय सही करू नका. पुढच्या निवडणुकीत जो कुणी दारात येईल, त्याला पाच वर्षं संपल्यावर कंट्रोलर कोण बदलून देणार हे विचारा. मी विचारणार आहे.